उलट्या पिनेचा बिल्ला

एवाल्ड ग्रेवेलला माणसाचा चेहरा लक्षात राहत नसे. बिल्ल्याची पाठ मात्र एकदा पाहिली की डोक्यात कायमची कोरली जाई. ल्यूडनशाइड या जर्मन गावात तीस वर्षं हीच त्याची ख्याती होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी टेकडीखालच्या खानावळीच्या मागच्या दालनात लढाईतल्या बिल्ल्यांचे शौकीन जमत, टेबलांवर मखमल पसरत, आणि कुणाला शंका आली की सगळ्यांच्या माना एकाच कोपऱ्याकडे वळत. तिथे एवाल्ड बसलेला असे. डोळ्याला भिंग, समोर सोनाराकडे असतो तसा तराजू आणि पोटाशी त्याची टाइप करून घेतलेली, स्वतः शिवलेली वही. वहीत प्रत्येक बिल्ल्याचे प्रकार क्रमाने लावलेले: पितळी, जस्ताचा, पोकळ, भरीव, जाड पिनेचा, चपट्या पिनेचा.

मखमलीवरच्या प्रत्येक बिल्ल्यावर कागदाची बारीक टिकली चिकटवलेली असे. त्याखालचा आकडेवाला नाझी क्रूस उघड्यावर मांडायला कायद्याने बंदी. एवाल्ड म्हणायचा, "झाकलंय ते बरंच आहे. पुढची बाजू कुणालाही नकलता येते. खरं काय ते पाठ सांगते."

त्याची बायको ट्राउडे दालनाच्या दाराशी कॉफी आणि घरचा केक घेऊन बसे. बिल्ल्यांना ती पत्रा म्हणायची. "तुझा पत्रा स्वयंपाकघरातल्या टेबलावर आला तर बटाट्यांबरोबर उकडीन," हे तिने लग्नाच्या पहिल्या महिन्यातच सांगून टाकलं होतं. अडतीस वर्षांत तिने एकही बिल्ला हातात घेतला नाही, आणि एवाल्डने कधी का म्हणून विचारलं नाही. बायकांना आवडत नाही, एवढं त्याला पुरेसं होतं. पुरुषांना असली अर्धी उत्तरं फार लवकर पुरतात.

त्या रविवारी फ्राऊ विबुश आल्या. वय सत्तरीच्या आसपास, अंगात चर्चला जायचा काळा कोट, हातात रुमालाची घट्ट पुरचुंडी. वरच्या गल्लीत एकट्या राहत. ट्राउडेची त्यांची बेकरीत नमस्कारापुरती ओळख.

त्यांनी एवाल्डपुढे पुरचुंडी सोडली. आत जखमींना देत तो बिल्ला. लंबगोल, मधे शिरस्त्राण, कडेने पानांची माळ, रंग कधीकाळी रुपेरी. काळा बिल्ला एका-दोन जखमांना, रुपेरी तीन-चार जखमांना किंवा एखादा हात-पाय गेला तर, सोनेरी पाच आणि त्यापुढे. सरकारने पोरांच्या मांसाचा असा दर लावून ठेवला होता. हात घ्यायचा आणि जस्ताचा तुकडा द्यायचा. वर सलाम फुकट.

"माझ्या भावाचा आहे. फ्रीडेलचा," फ्राऊ विबुश म्हणाल्या. "चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात उजवा हात गेला. ग्योर्लिट्झच्या इस्पितळात होता. नाताळच्या आदल्या आठवड्यात ताप चढला आणि गेला. पुढच्या वर्षी त्याचं पार्सल आलं. कंगवा, प्रार्थनेचं पुस्तक आणि हा."

"बरं," एवाल्ड म्हणाला.

"आता माझा भाचेजावई म्हणतो, त्या धुमश्चक्रीत कसली पार्सलं येतात? म्हणे आजोबांनी नंतर कुठून तरी विकत आणला आणि आजीच्या समाधानासाठी पार्सलाची गोष्ट रचली. पार्सल स्टेशनावरून आणलं वडिलांनीच. वरचा शिक्क्याचा कागद आम्हाला कुणाला दिसला नाही." त्यांनी ओठ आवळले. "माझे वडील आयुष्यात खोटं बोलले नाहीत, ग्रेवेलसाहेब. आई बावीस वर्षं रोज रात्री हा बिल्ला हातात घेऊन झोपली. तुम्ही फक्त एवढंच सांगा, हा लढाईतला आहे का नंतर बनवलेला?"

एवाल्डने बिल्ला उलटला. भिंगसुद्धा लावावं लागलं नाही. बिल्ला छातीवर लावायची पिन उभी असते. तिचं बिजागर वरच्या टोकाला आणि तिला अडकवायचा आकडा खालच्या. इथे सगळं उलटं होतं. बिजागर खाली, आकडा वर.

"नंतरचा आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"नक्कल. साठ साली अशा नकला पोत्याने निघाल्या. हे बघा, पिन उलटी लागलीय. नक्कल करणाऱ्यांना वर काय न् खाली काय, कळत नाही. कारखान्यात हे होऊच शकत नाही, बाई. तिथे मुकादम असतो, त्याच्यावर तपासनीस असतो. नियम क्रमांक चार." त्याने वही उघडून ती ओळ दाखवली. *पिन उलटी असल्यास बिल्ला खोटा. अपवाद नाही.*

"साठ साली? पण आईकडे तर..." त्या थांबल्या. "म्हणजे आधी दुसरा काही होता? का वडिलांनी बदलला? का मलाच नीट आठवत नाही?"

"ते मला कसं कळणार? मी फक्त पाठ वाचतो."

शेजारच्या टेबलावरून निवृत्त पोस्टमास्तर बुल्मान म्हणाले, "मन लावून घेऊ नका, फ्राऊ विबुश. गेल्या महिन्यात माझा दीडशे मार्कांचा बिल्ला या गृहस्थाने अर्ध्या मिनिटात कचऱ्यात घातला. अजून बायकोला सांगितलेलं नाही."

कुणीतरी हसलं. फ्राऊ विबुश हसल्या नाहीत. पुरचुंडी न बांधताच त्या दाराकडे आल्या आणि कोटाच्या गुंड्या लावायला बिल्ला ट्राउडेच्या टेबलावर ठेवला. पालथा, केकच्या ताटलीशेजारी.

ट्राउडेने बघायचं नाही असं ठरवूनही बघितलं. आकड्याच्या बुडाशी डाखाचे, आकडा जोडायला वितळवलेल्या धातूचे, दोन थेंब होते. एक मोठा, त्याच्या अंगावर रेललेला एक लहान, आईच्या कडेवर लेकरू असावं तसे. तिच्या हातातली कॉफीची किटली तिथेच थांबली. ग्योर्लिट्झ हे नाव तिने मघाशी कानाआड केलं होतं. ते आता समोर येऊन उभं राहिलं.

"कॉफी घेता?" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"नको," फ्राऊ विबुश म्हणाल्या. "घरी जाऊन आधी वडिलांशी बोलते." वडील जाऊन तीस वर्षं झाली होती.

त्या गेल्या. ट्राउडेने पुढच्या माणसाचा कप भरला. गप्प बसायची पन्नास वर्षांची सवय एका किटलीपाशी सुटत नाही.

घरी आल्यावर एवाल्ड खुशीत होता. त्याने टोपी खुंटीला अडकवली आणि विचारलं, "जेवायला काय?"

"बटाटे," ट्राउडे म्हणाली. "बस इथे. तू आज त्या बाईला खोटं सांगितलंस."

"मी?"

"तू. बिल्ला खरा आहे."

एवाल्ड मनापासून हसला. "ट्राउडे, तू केकमध्ये मनुके किती घालायचे ते सांग, मी मान डोलावतो. पिनेचं मला सांगू नकोस. उलटी पिन—"

"उलटी पिन मी लावलीय."

तो हसायचा थांबला नाही, पण हसू चेहऱ्यावर नुसतं अडकून राहिलं. "तू गुंड्यांच्या कारखान्यात होतीस."

"होते की. या गावात गुंड्यांच्या कारखान्यांनी लढाईत काय गुंड्याच केल्या? तुझ्या वहीत लिहिलंयस ना, पान दोन, 'बिल्ले मुख्यतः गुंड्यांच्या कारखान्यांत बनत.' टाइप मीच करून दिलं होतं. टाइप करताना वाटलं, आता विचारशील. मग वाटलं, उद्या विचारशील."

एवाल्ड खुर्चीत बसला. "असं होऊ शकत नाही," तो म्हणाला, पण आता अगदी हळू. "मुकादम असतो. तपासनीस असतो."

"असतो ना. मुकादमाचं नाव श्ट्राख. त्याच्या हाताची पाचही बोटं माझ्या गालाला पाठ आहेत."

तिने उकडलेले बटाटे उभे चिरले आणि सहा अर्धुकं ओव्हनच्या पत्र्यावर पालथी मांडली. लंबगोल, पाठ वर. "हा ट्रे. एका ट्रेमध्ये चाळीस बिल्ले, तोंड खाली. पालथा बिल्ला वरून खालून सारखाच दिसतो, हो की नाही?"

"हो."

"बिल्ल्यांची डोकी माझ्यापासून लांब मांडलेली असत. म्हणून बिजागर लांबच्या बाजूला, आकडा माझ्याकडे, हे शिकवलेलं. आता डाख लावायची तापती कांडी ट्रेच्या उजवीकडे टांगलेली. सगळ्या पोरींना सोयीची." तिने काड्यापेटीतल्या काड्या काढल्या. "आता मी लावते. गूल म्हणजे बिजागर. बघ."

आणि तिने पत्रा गर्रकन फिरवला. कांडी म्हणून घेतलेला चमचा आता तिच्या डाव्या हाताशी आला. डाव्या हाताने तिने सहाही बटाट्यांवर काड्या टोचल्या, गूल लांबच्या बाजूला, अगदी शिकवल्याप्रमाणे. मग पत्रा होता तसा फिरवून नवऱ्यापुढे ठेवला.

सहाही काड्यांची गुलं खाली होती.

एवाल्ड कितीतरी वेळ बटाट्यांकडे बघत राहिला. मग त्याने बायकोच्या डाव्या हाताकडे पाहिलं. याच हाताने ती अडतीस वर्षं बटाटे सोलत होती, इस्त्री करत होती, त्याच्या शर्टाच्या गुंड्या शिवत होती. शाळेत छड्या मारून उजव्या हाताने लिहायला लावलं होतं, तेवढं एक सोडून सगळं. दहा हजार बिल्ल्यांच्या पाठी त्याला तोंडपाठ होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा. आणि वळसासुद्धा तीस वर्षांचा, भिंग लावून!

"तू डावरी आहेस," तो म्हणाला.

"वा. नोंद करून ठेव."

"कधी बोलली नाहीस."

"सतरा वर्षांची होते. सक्तीची भरती, कुणी विचारून नेलं नव्हतं. तीन दिवस माझे ट्रे असेच गेले, कुणाच्या ध्यानात आलं नाही. चौथ्या दिवशी पॅकिंगवाल्या म्हातारीने ओरडा केला. श्ट्राखने सगळ्यांसमोर थोबाडीत दिली आणि एक शब्द म्हणाला. घातपात. त्या शब्दावर माणसं परत येत नव्हती, एवाल्ड. आई त्याच रात्री दोन ससे घेऊन त्याच्या घरी गेली. पाळलेले, माझ्या हातचं गवत खाऊन वाढलेले. ते दोन ससे गेले आणि तो शब्द कागदावर चढला नाही. आईने क्रूसावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, कुणाला सांगायचं नाही. मग लढाई संपली, आई गेली, श्ट्राख गेला, आणि शपथ तेवढी राहिली." तिने एक काडी उपटून ताटलीत टाकली. "शिवाय सांगायचं काय? पोरांचे हात तुटत होते आणि मी त्यांच्यासाठी पिना चिकटवत होते, तेही उलट्या?"

एवाल्ड उठला. आतल्या खोलीत गेला आणि एक चपटी पेटी घेऊन आला. वर त्याच्या सुबक अक्षरांत लिहिलं होतं: *खोटे, उलटी पिन*. दारात उंबऱ्यावरच थांबला.

"आण," ट्राउडे म्हणाली. "आजच्या दिवस पत्रा टेबलावर चालेल."

पेटीत अकरा बिल्ले होते. ट्राउडेने चष्मा चढवला. पहिला बिल्ला उचलून तिने आकड्याच्या बुडाशी अंगठा फिरवला. हाताला जुनी ओळख पटली असावी.

"हा माझा. हा माझा. हा..." तिने नाक मुरडलं. "छे, हा कुणा पोटभरूचा. बघ, आकड्याला डाखाचा एकच थेंब, गुळगुळीत. माझा आकडा पहिल्या थेंबात बसायचाच नाही, ट्रे फिरवला की तो हलायचा. म्हणून मी वर दुसरा लहान थेंब द्यायची. हा बघ, कडेवरचं लेकरू."

एवाल्डने भिंग लावलं. "मी याला 'निकृष्ट डाख' लिहिलंय."

"निकृष्ट तुझं तोंड."

अकरांतले सात तिने एका बाजूला काढले, चार दुसऱ्या. नंतर एवाल्डने तिला न विचारता स्वतः बारीक पारखून पाहिलं. त्या चारांचं वजनही वेगळं निघालं, साचाही. तिने वजन केलंच नव्हतं.

"पण विबुशबाईंचा?" तो म्हणाला. "खरा असला तरी बापाने बाजारातून घेतला नसेल कशावरून? पंचेचाळीस साली असले बिल्ले सिगारेटीच्या पाकिटावर मिळत होते."

"तेच सांगते. नियमाने श्ट्राखने माझे ते तीन दिवसांचे बिल्ले वितळवायला हवे होते. पण कोटा भरायचा होता, आणि इस्पितळाची तार आलेली, माल तातडीने पाठवा. तो हसून म्हणाला, टाका त्याच खोक्यात, एका हाताच्या माणसाला पिन वर काय न् खाली काय. ते खोकं माझ्याकडूनच खिळे ठोकून घेतलं त्याने, शिक्षा म्हणून. वर काळ्या रंगात गावाचं नाव होतं." ती एवाल्डकडे न बघता म्हणाली, "ग्योर्लिट्झ. नोव्हेंबर चव्वेचाळीस."

मग एवाल्डने टोपी खुंटीवरून पुन्हा काढली.

"जेवून तरी घे," ट्राउडे म्हणाली.

"या बटाट्यांत काड्या आहेत," एवाल्ड म्हणाला. "कोट घाल. आणि तिच्या बिल्ल्याला एकच थेंब निघाला तर?"

"दोन आहेत, मी पाहिलेत. नसले तर तसं सांगू. आता पुन्हा चुकीचं कुणी काही सांगायचं नाही."

वरच्या गल्लीचा चढ छातीवर येतो. एवाल्ड दोनदा थांबला. दुसऱ्यांदा थांबला तेव्हा म्हणाला, "त्या सात बिल्ल्यांच्या मालकांना मी खोटं म्हणून परत पाठवलं. सगळे माझ्यापुढेच म्हणाले, राहू दे मग तुमच्याकडेच, आम्हाला नको. पेटीतले ते तेच."

"नावं आहेत ना वहीत?"

"सगळ्यांची आहेत."

"मग चढ चढून झाल्यावर बोलू."

फ्राऊ विबुशनी दार उघडलं ते अर्धंच. आतल्या भिंतीवर दोन चौकटी होत्या. एकीत हसरा पोरगा, कानांवर मोठी झालेली टोपी. दुसरी चौकट भिंतीकडे तोंड करून टांगलेली, मागचा पुठ्ठा आणि दोरी दिसणारी. ती कुणाची, हे सांगायची गरज नव्हती.

"मी चुकलो असेन," एवाल्ड दारातूनच म्हणाला. त्याच्या तोंडाला या शब्दांची सवय नव्हती. "बिल्ला पुन्हा दाखवता? मला नाही. हिला."

"यांना?"

"मला," ट्राउडे म्हणाली.

बिल्ला ओट्यावर चमच्यांच्या डब्यात पडला होता, जणू तो कुणाचाच नव्हता. फ्राऊ विबुशनी तो काढून दिला. ट्राउडेने खिडकीशी धरला, पालथा केला. एवाल्डने भिंग पुढे केलं. तिने ते हाताने बाजूला सारलं आणि डाव्या अंगठ्याने आकड्याचं बूड चाचपलं. मोठा थेंब. त्याच्या अंगाला बिलगलेला लहान.

"हा मी केलाय," ती म्हणाली. "माझ्या या हाताने."

मग तिने सगळं सांगितलं. ट्रे, थोबाडीत, ससे, खोकं, खोक्यावरचं नाव. एका हाताच्या माणसांबद्दल श्ट्राख काय बोलला तेवढं गाळलं. खरं सांगायचं म्हणून सगळंच सांगायला हवं असं नाही. ज्याला पन्नास वर्षं गप्प बसावं लागलं, त्याला कुठे थांबायचं ते कळतं.

फ्राऊ विबुश खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. "म्हणजे हा ग्योर्लिट्झहूनच आला."

"त्या तीन दिवसांचे सगळे तिथेच गेले."

"आणि वडिलांनी स्टेशनावरून आणला तो हाच."

"हाच."

त्या वळल्या, चौकट सरळ केली. मिशा असलेला रागीट माणूस बाहेर बघू लागला. त्यांनी काचेवरून पदराने पुसावं तशी कोटाची बाही फिरवली आणि म्हणाल्या, "सकाळपासून तुमच्याशी भांडतेय हो मी, बाबा. उत्तर द्यायचं होतं की." मग एवाल्डकडे बोट करून त्यांनी ट्राउडेला विचारलं, "यांना हे इतकी वर्षं माहीत नव्हतं?"

"विचारलंच नाही त्यांनी."

"पुरुष!" फ्राऊ विबुश म्हणाल्या. "या, बसा. सूप आहे. तुम्हीसुद्धा बसा, ग्रेवेलसाहेब. पण बसायच्या आधी एक सांगा. त्याला एकच हात होता. पिन उलटी असल्याने लावायला त्रास झाला असेल का?"

एवाल्डने बिल्ला घेतला. त्याने उजवा हात पाठीमागे नेला आणि नुसत्या डाव्या हाताने बिल्ला कोटावर टेकवून पिन सारली. टोक खालून वर, आकडा वर. एकदा घसरली. दुसऱ्यांदा बसली. तो तसाच थांबला. मग सुटी करून पुन्हा लावली. खिशातून एक नेहमीचा, सरळ पिनेचा बिल्ला काढून तोही एका हाताने लावून पाहिला. तीनदा पडला.

"डाव्या हाताला ही बरी पडते," तो म्हणाला. तीस वर्षांत त्याने एवढ्या हळू आवाजात कुठलाच निर्णय दिला नव्हता.

फ्राऊ विबुशनी ट्राउडेचा डावा हात हातात घेतला आणि सूप उतू जाईपर्यंत सोडला नाही.

पुढच्या पहिल्या रविवारी एवाल्डने दालनात उभं राहून नियम क्रमांक चार सर्वांसमोर खोडला. बुल्मान म्हणाले, "काय सांगता! म्हणजे माझ्या दीडशे मार्कांच्या बिल्ल्यालाही आशा आहे?"

"नाही. तो कचराच आहे. वजन कमी भरतं."

हशा झाला. एवाल्ड बसला, वहीत नवा प्रकार लिहायला घेतला. *उलटी पिन, आकड्यापाशी दोन थेंब, अस्सल.* खाली सात नावं उतरवली, पत्त्यांसह. रोज एका घरी जायचं त्याने ठरवलं होतं. मग 'आधार' या रकान्यापाशी त्याची लेखणी अडली. या रकान्यात तो नेहमी पुस्तकाचं किंवा कारखान्याच्या कागदाचं नाव लिहायचा.

तो उठून दाराशी आला. ट्राउडे केक कापत होती, सुरी डाव्या हातात.

"आधार म्हणून काय लिहू? तुझं नाव घालू?"

"माझं नाव पत्र्यावर? खबरदार!"

"मग?"

तिने केकचा तुकडा त्याच्या ताटलीत टाकला. "लिही, बायकोला विचारलं."

एवाल्डने तसंच लिहिलं. खाली तारीख घातली.